शेजारी कोणाला म्हणावे? पंडिता रमाबाईंच्या चरित्राचे एक वाचन



पंडिता रमाबाई हे नाव तुम्हांला नवे नाही. संस्कृत विदुषी, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या आणि शारदा सदनाच्या संस्थापक म्हणून त्यांचा परिचय शालेय पाठ्यपुस्तकांतून तुम्हांला झालेलाच असेल. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला ही गोष्ट मात्र बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उरकली जाते. तिचे समर्थक ती थोडी संकोचाने सांगतात, विरोधक ती आरोपासारखी मांडतात, आणि दोघेही लगेच पुढच्या प्रकरणाकडे वळतात. या पाठात आपण नेमके तेथेच थांबणार आहोत. रमाबाईंना त्या धर्मात काय दिसले, आणि जे दिसले त्याचे त्यांनी आयुष्यभर काय केले, हा प्रश्न हाती धरून त्यांचे चरित्र वाचायचे आहे. या वाचनात इतर अनेक गोष्टी मागे राहतील. चरित्राचे असे एकांगी वाचन कधीकधी उपयोगी ठरते, असे माझे मत आहे.

शब्दापासून सुरुवात

ख्रिस्ती नीतिविचाराचे सार दोन आज्ञांत सांगण्याची परंपरा आहे. पहिली आज्ञा देवावर प्रेम करण्याची आणि दुसरी शेजाऱ्यावर स्वतःइतकेच प्रेम करण्याची. ही दुसरी आज्ञा येशूने नव्याने घडवलेली नाही. ज्यू धर्मशास्त्रातील लेवीय या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात ती आधीच आहे. तेथे आलेला हिब्रू शब्द आहे ‘रेआ’. त्याचा अर्थ सोबती, आपल्यातला माणूस. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये त्याच्या जागी ‘प्लेसिओन’ येतो, म्हणजे जो जवळ आहे तो. मराठी बायबलने ‘शेजारी’ हा शब्द रूढ केला. भाषेचे विद्यार्थी म्हणून तुम्ही या तीन शब्दांतील अंतर लक्षात घ्यावे. पहिला नात्याने जवळचा, दुसरा केवळ अंतराने जवळचा आणि तिसरा घराने जवळचा.

मराठीत शेजाराला मोठा मान आहे. ‘शेजारधर्म’ असा समास आपल्या भाषेने सहज घडवला. अडल्यानडल्याला धावून जाणे, विरजण देणे, प्रेताला खांदा देणे हे सगळे त्यात येते. परंतु जुन्या गावरचनेत घरापलीकडचे घर बहुधा आपल्याच जातीचे असे. आळी, वाडा, पेठ यांची मांडणीच अशी होती की परका माणूस सहसा शेजारी होऊ नये. म्हणजे आपला ‘शेजारी’ पुष्कळ वेळा ‘रेआ’च असे.

लूकच्या शुभवर्तमानातील एका प्रसंगात धर्मशास्त्र जाणणारा एक मनुष्य येशूला हाच प्रश्न करतो की, माझा शेजारी कोण? उत्तरादाखल येशू एक गोष्ट सांगतो. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या एका वाटसरूला लुटारू मारहाण करून अर्धमेला टाकून जातात. त्याच वाटेने एक याजक जातो, मग एक लेवी जातो. दोघेही त्याला बघून वाट बदलतात. नंतर एक शोमरोनी येतो. शोमरोनी आणि यहुदी यांच्यात भांड्याचा आणि पाण्याचा व्यवहार नव्हता. हे दोन वेगळ्या पाणवठ्यांचे लोक होते, असे म्हटले म्हणजे मराठी वाचकाला अधिक सांगावे लागत नाही. हा शोमरोनी जखमांवर तेल आणि द्राक्षारस घालतो, जखमीला आपल्या जनावरावर बसवून धर्मशाळेत नेतो आणि त्याच्या खर्चाचे पैसेही देऊन जातो. गोष्ट संपल्यावर येशू मूळ प्रश्नच उलटा करतो. शेजारी कोण आहे हे न विचारता, त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला, असे तो विचारतो. ‘असणे’ आणि ‘होणे’ या दोन क्रियापदांमधला हा फरक पुढे रमाबाईंच्या चरित्रात पुन्हा पुन्हा दिसेल.

भिवंडी केंद्रातून हा अभ्यासक्रम करणाऱ्यांना हा फरक पुस्तकात शोधावा लागत नाही. यंत्रमागाच्या एकाच गाळ्यात तेलुगू, उर्दू, भोजपुरी आणि मराठी बोलणारी माणसे एकमेकांच्या शेजारी उभी असतात. याच शहराने १९७० आणि १९८४ च्या दंगलींत अंतराने जवळची माणसे एकमेकांना किती परकी होऊ शकतात हे पाहिले. याच शहरात १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या, आणि डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. प्रश्न जुना असला तरी शिळा नाही, एवढेच येथे नोंदवून आपण रमाबाईंकडे वळू.

वाटेवरचे बालपण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे पंडित होते. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकवले. स्त्रीला देववाणी शिकवल्याबद्दल त्यांना विद्वानांचा रोष पत्करावा लागला, पण ते मागे हटले नाहीत. रानात आश्रम थाटून ते राहिले. रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले, आणि त्यानंतर त्यांना स्थिर घर असे राहिलेच नाही. क्षेत्रोक्षेत्री पुराण सांगायचे, मिळेल त्या दक्षिणेवर राहायचे आणि पुढे चालू लागायचे, असा क्रम होता. आईकडून ऐकून रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले.

याचा एक परिणाम चरित्रकार फारसा सांगत नाहीत. ज्या मुलीला घर नाही, तिला शेजारही नसतो. दक्षिणेतील दुष्काळाने हे फार क्रूरपणे दाखवून दिले. कुटुंबाजवळचे पैसे संपले, दागिने गेले, भांडी गेली. शारीरिक श्रमाची सवय नव्हती, आणि भीक मागणे अभिमानाला परवडत नव्हते. १८७४ मध्ये वडील गेले. मागोमाग आईही अन्नावाचून खंगली.

त्या दिवसांतील एक प्रसंग रमाबाईंनी पुढे दुष्काळाच्या आठवणींत लिहून ठेवला आहे. तापात असलेली आई अन्न मागत होती. रमाबाई जवळच्या एका ब्राह्मण घरी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला गेल्या. घरातील बाई मायेने बोलली, पण रमाबाईंच्या तोंडून शब्द फुटेना. डोळ्यांतले पाणी त्यांनी निग्रहाने अडवले, तरी चेहरा बोलत होताच. त्या बाईने ओळखले आणि स्वतःच विचारून भाकरी दिली. रमाबाई ती घेऊन धावत आल्या, परंतु आईत ती खाण्याची शक्ती उरली नव्हती. काही दिवसांत ती गेली. तिरडीला खांदा द्यायला पुरेशी माणसे मिळाली नाहीत. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले. मुलाच्या बरोबरीने रमाबाईंनाही तिरडी उचलावी लागली, आणि त्या उंचीने कमी असल्यामुळे तो भार त्यांनी डोक्यावर घेतला.

या दोन प्रसंगांकडे एकत्र पाहा. भाकरी देणारी ती अनामिक बाई त्यांच्या ओळखीची नव्हती. न मागता मागणी ओळखणारी ती त्या क्षणापुरती शेजारीण झाली. याउलट, तिरडीला खांदा देणे हा ज्यांचा जातिधर्म होता, त्यांतील बहुतेक आलेच नाहीत. रमाबाईंनी दोन्ही गोष्टी लक्षात ठेवल्या. स्वधर्मीयांविषयी पुढे कठोर लिहिताना त्यांनी त्या बाईचा दयाळूपणा खोडून टाकला नाही, हे त्यांच्या लेखणीच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे.

पुढची काही वर्षे रमाबाई आणि बंधू श्रीनिवास पायी हिंडत राहिले. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीपासून बचाव म्हणून वाळूत खड्डे करून त्यांत रात्र काढण्याची वेळ त्यांच्यावर आली. १८७८ मध्ये ते कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वत्सभेने या वीस वर्षांच्या तरुणीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये बंधू वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जात आणि प्रांत दोन्ही ओलांडून, रमाबाईंनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. सिलचरच्या घरी बंगाली भाषेतील लूकचे शुभवर्तमान त्यांच्या वाचनात आले. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. चोविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले, हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या.

फुलहॅम येथील घर

इंग्लंडमध्ये वाँटेज या गावी सेंट मेरी भगिनीसंघाच्या मठात त्या राहिल्या. वैद्यकीय शिक्षण घ्यावे हा हेतू होता, पण कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे तो सोडावा लागला. तेथील भगिनी त्यांना एकदा लंडनजवळच्या फुलहॅम येथील आश्रयगृह दाखवायला घेऊन गेल्या. ज्यांना त्या काळी सर्व समाजांत ‘पतित’ म्हटले जाई अशा स्त्रियांसाठी ते घर होते. रमाबाईंनी तेथे काय पाहिले? एकेकाळी रस्त्यावर टाकल्या गेलेल्या स्त्रिया आता मानाने राहत होत्या, आणि त्यांतील काही जणी इतर दुर्बलांची शुश्रूषा करीत होत्या. मठातील प्रतिष्ठित स्त्रिया त्यांच्याशी तुच्छतेने न बोलता आपुलकीने बोलत होत्या. अशा स्त्रियांसाठी आपल्या देशात असे काही झालेले आपण ऐकले नव्हते, आणि आपणही त्यांच्याकडे कठोर नजरेनेच पाहत होतो, असे रमाबाईंनी पुढे मोकळेपणाने लिहिले.

त्यांनी याचे कारण विचारले. एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीवरचा प्रसंग वाचून दाखवला. त्यात येशू एका शोमरोनी स्त्रीकडे प्यायला पाणी मागतो. ती स्त्री परक्या समाजातली, लोकापवादाने दूर सारलेली. बोलू नये तिच्याशी बोलणे, घेऊ नये तिच्या हातचे पाणी मागणे, हे रमाबाईंना भिडले. पाण्याचा विटाळ म्हणजे काय हे जिला लहानपणापासून ठाऊक आहे, अशा ब्राह्मण स्त्रीने हा प्रसंग ऐकला, हे विसरून चालणार नाही. इंग्रज वाचकाला त्या पाण्यात कदाचित केवळ रूपक दिसेल. रमाबाईंना त्यात पाणीच दिसले असणार.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतले होते त्यांपैकी अनेकांनी पाठ फिरवली. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांच्या बाजूने लेखणी चालवली.

मान्य काय आणि अमान्य काय

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. बाप्तिस्मा घेतला म्हणजे चर्चने सांगितलेले सारे रमाबाईंनी स्वीकारले, असे झाले नाही. वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन आणि चेल्टनहॅम महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार आज उपलब्ध आहे. त्रैक्याचा सिद्धान्त, चमत्कार, धर्मगुरूंचा अधिकार अशा एकेका विषयावर त्या वाद घालतात. पुरोहितांच्या एका वर्गाच्या तावडीतून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसऱ्या वर्गाच्या हाती आपली सदसद्विवेकबुद्धी द्यायची त्यांची तयारी नव्हती. चेल्टनहॅमला त्यांनी तरुण पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही यावर हिंदुस्थानातील बिशपांनी आक्षेप घेतला, तेव्हाही त्या गप्प बसल्या नाहीत. त्यांनी शाकाहारही सोडला नाही.

क्रुसावरच्या अक्षरांविषयीचा वाद तर भाषेच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावा असा आहे. आपल्याला दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, आपल्या देशातील माणसांना परकी असलेल्या या भाषेला संस्कृतपेक्षा अधिक पावित्र्य कोठून आले, ब्राह्मणांना संस्कृतविषयी वाटते तसेच तुम्हांला लॅटिनविषयी वाटते की काय, अशा आशयाचा तो प्रश्न होता. जेराल्डीनबाईंना तो उद्धट वाटला असेल तर नवल नाही. पण प्रश्न रास्त होता.

मग या धर्मात त्यांनी निःशंकपणे काय घेतले? माझ्या मते, फुलहॅमच्या घरात पाहिले ते. सिद्धान्तांवर त्यांचे मन अनेक वर्षे हेलकावत राहिले, आणि १८९१ च्या सुमारास त्यांच्या श्रद्धेला अधिक भक्तिपर वळण लागले. परंतु टाकलेल्या माणसाजवळ जाणे ही या धर्माची कसोटी आहे, याविषयी त्या कधीच डळमळल्या नाहीत. इतर अभ्यासक त्यांच्या धर्मांतराची राजकीय आणि बौद्धिक कारणे अधिक महत्त्वाची मानतात. तीही तुम्ही वाचावीत.

शारदा सदन

आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेस गेल्या आणि तेथे सुमारे तीन वर्षे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले, त्या आधारावर निधी जमला आणि बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिच्या मदतीने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले.

हे घर प्रामुख्याने उच्चवर्णीय बालविधवांसाठी होते. धर्मशिक्षण द्यायचे नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, स्वयंपाक जातीच्या नियमांनुसार व्हावा, अशी व्यवस्था होती. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर होते. तोपर्यंत रमाबाईंच्या शेजाराची कक्षा कोठवर होती हे यावरून कळते. त्या स्वतः ब्राह्मण, स्वतः विधवा. त्यांनी घरात घेतल्या त्या त्यांच्यासारख्याच. हिब्रू शब्दाच्या अर्थाने हे ‘रेआ’वरचे प्रेम होते.

वादळ उठले ते एका उघड्या दारावरून. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत. दार बंद नसे. काही मुली येऊन बसू लागल्या, आणि त्यांना उठून जा म्हणायला रमाबाई तयार नव्हत्या. आईजवळ मूल बसते तशा त्या बसतात, अशी त्यांची भूमिका होती. सल्लागारांच्या दृष्टीने हा दिलेल्या शब्दाचा भंग होता. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदींनी संबंध तोडले, ‘केसरी’ने कठोर टीका केली आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात कोणाची बाजू बरोबर? परीक्षेसाठी दोन्ही बाजू मांडता येतील, पण स्वतःशी उत्तर शोधताना घाई करू नये. आधार शोधत आलेली बारा-पंधरा वर्षांची मुलगी आश्रयदात्रीच्या प्रार्थनेला बसते, तेव्हा तिच्या निवडीला स्वतंत्र म्हणावे का? आणि उलट बाजूने, त्या मुलीला परत नेणाऱ्यांनी तिच्यासाठी दुसरे कोणते दार उघडे ठेवले होते? आपल्यावर प्रेम करणाऱ्याचा देव आपलासा वाटणे ही मानवी गोष्ट आहे. तिचा लाभ उठवणे ही वेगळी गोष्ट आहे. या दोहोंमधली रेघ रमाबाईंना नेहमी स्पष्ट दिसली, असे मला वाटत नाही. त्यांच्या टीकाकारांना ती रेघ दिसली, पण रेघेच्या अलीकडे उभी असलेली मुलगी दिसली नाही.

ही कोंडी एका ठिकाणी अनपेक्षितपणे सुटलेली दिसते. सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांनी १८९३ मध्येच धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. त्या हिंदूच राहिल्या. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाचे काम सुरू केले आणि आनंदीबाईंनी आपले आयुष्य त्यात घातले. फुलहॅमच्या घरातून निघालेली वाट अशी हिंगण्यालाही जाऊन पोहोचली.

केडगाव

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. वर्तमानपत्रांतील बातम्यांनी रमाबाईंना बालपण आठवले आणि त्या तिकडे गेल्या. सरकारी मदतछावण्या आणि अन्नछत्रे त्यांनी पाहिली. निराधार मुलींना भाकरीच्या आमिषाने पळवणारी माणसे तेथे वावरत असल्याचे त्यांना दिसले, आणि त्यांनी ते लिहून प्रसिद्ध केले. शेकडो मुली घेऊन त्या परतल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते. एवढ्या मुली शहरात ठेवणे अशक्य झाले, म्हणून पुण्याच्या पूर्वेस केडगाव येथे फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर त्यांना उतरवण्यात आले. आधी तात्पुरता आडोसा होता, मग इमारती उभ्या राहिल्या. हेच मुक्ती सदन. प्लेगच्या सरकारी रुग्णालयात स्त्रियांची जी आबाळ झाली तिच्याविरुद्धही रमाबाईंनी १८९७ मध्ये जाहीर पत्र लिहिले. त्या पत्राची चर्चा ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेली. सरकार ख्रिस्ती असल्यामुळे त्यांनी त्याला सवलत दिली नाही.

केडगावला आलेल्या मुली सदनातल्या मुलींसारख्या नव्हत्या. त्या सर्व जातींच्या होत्या, बहुसंख्य खालच्या मानलेल्या. भुकेने हाडे वर आलेल्या, रोगी, चोरून खाण्याची सवय जडलेल्या, कधीही शाळा न पाहिलेल्या. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आणखी मुली आल्या आणि तेथील संख्या दोन हजारांच्या जवळपास गेली. आता जात्यावरचे, विहिरीवरचे, स्वयंपाकघरातले जुने नियम टिकणे शक्यच नव्हते. ‘रेआ’कडून ‘प्लेसिओन’कडे झालेला हा प्रवास आहे. जी समोर पडली आहे ती आपली, मग ती कोणाची का असेना. १८८९ च्या रमाबाईंना हे कितपत सुचले असते, याविषयी मला शंका आहे. दुष्काळाने त्यांना दुसऱ्यांदा शिकवले.

प्रेम ही भावना म्हणून सांगणे सोपे आहे. दोन हजार माणसांना रोज दोन वेळा जेवू घालणे वेगळे. विहिरी खणल्या गेल्या, शेती आणि दूधदुभते उभे राहिले. मुली हातमागावर कापड विणू लागल्या, तेल काढू लागल्या, शिवणकाम, बागकाम आणि छपाई शिकल्या. अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकवण्याची सोय झाली. मागावर काम करणाऱ्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना हे वेगळे सांगायला नको की हातात कसब आले म्हणजे माणसाची मान जरा वर होते. दया घेणारी मुलगी रोज मिंधी होत जाते, विणणारी मुलगी होत नाही. वर्तमानपत्रे आणि अहवाल यांत रमाबाईंचे कौतुक प्रार्थनांसाठी अधिक झाले. मला त्यांची व्यवस्थाशक्ती अधिक विलक्षण वाटते.

याच परिसरात ‘कृपा सदन’ नावाचे वेगळे घर होते. फुलहॅमला पाहिले होते तशा स्त्रियांसाठी ते होते. ‘पतिता’ हा शब्द व्याकरणाने पाहा. ते भूतकाळवाचक धातुसाधित आहे. पडलेली, एवढेच तो सांगतो. ढकलले कोणी, याला त्या शब्दात जागाच नाही. रमाबाईंनी घराला नाव देताना तो शब्द टाळला.

धर्माच्या बाबतीत केडगाव उघडपणे ख्रिस्ती होते. तेथे झालेल्या मोठ्या संख्येच्या बाप्तिस्म्यांविषयी, आणि १९०५ मधील धार्मिक पुनरुज्जीवनाच्या लाटेविषयी, त्या काळीही शंका घेतल्या गेल्या आणि आजही घेतल्या जातात. अन्न आणि श्रद्धा एकाच हाताने वाढली जाते तेव्हा शंका येणारच, आणि रमाबाईंच्या मोठेपणाला धक्का लागेल या भीतीने ती दडपण्याचे कारण नाही. मात्र शंका घेणाऱ्याने १८९७ च्या त्या छावण्यांत त्या मुलींकडे आणखी कोण आले होते, हेही पाहावे.

शेवटचे काम

आयुष्याची शेवटची सतरा-अठरा वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातून आलेल्या, नुकत्याच अक्षर गिरवू लागलेल्या बाईला ते कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. संस्कृतच्या या पंडितेने संस्कृत शब्दांवर काट मारायला सुरुवात केली, यातला पेच तुमच्या ध्यानात आला असेल. त्यासाठी त्या पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ज्या शब्दांना पौराणिक किंवा हिंदू उपासनेचे अर्थ चिकटले आहेत असे वाटले, तेही त्यांनी कटाक्षाने टाळले.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा दुसरा आग्रह मला पटत नाही. शब्दाला चिकटलेले अर्थ सोलून काढता येत नाहीत, आणि ज्या बाईने आपल्या संस्थांना ‘शारदा’ आणि ‘मुक्ती’ अशी नावे दिली तिला हे ठाऊक नसेल असे नाही. या भाषांतरात काही ठिकाणी मूळ भाषेतील वाक्यरचना जशीच्या तशी उतरल्यामुळे ते ओबडधोबड वाटते, आणि मराठी चर्चमध्ये ते फारसे रूढ झाले नाही. तरीही पहिला आग्रह मोलाचा होता. वाचणारी बाई समोर ठेवून, तिला अडेल तो शब्द बदलायचा, ही भाषांतराची अत्यंत अवघड रीत आहे. इंग्लंडमध्ये क्रुसावरच्या लॅटिन अक्षरांना हरकत घेणारी तरुणी आणि केडगावला संस्कृत शब्द खोडणारी वृद्धा एकच आहे.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. संस्थेची धुरा त्यांच्यावर सोपवायची असे ठरलेले होते. मुलीच्या मृत्यूनंतर रमाबाई नऊ महिनेही जगल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. त्याआधी भाषांतराचे काम त्यांनी पूर्ण केले होते.

संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यात छापून झाला. हा छापखाना स्त्रिया चालवीत. खिळे जुळवणे, मुद्रिते तपासणे, कागद घडी करणे आणि बांधणी ही सारी कामे त्यांनीच केली. त्यांतल्या पुष्कळ जणींची अक्षरओळख याच आवारात झाली होती.